चालू आहे, तर काढता कशाला?

रात्रीचे साडेअकरा झालेत. लिटरेचर रिव्ह्यूचा, म्हणजे आधी झालेल्या अभ्यासांच्या आढाव्याचा, निष्कर्ष आज पुन्हा खोडला. खोडला तेच बरं झालं.

प्रश्न मुळात एका आजींचा. कॅन्युला, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवलेली बारीक नळी, दर 72 तासांनी बदलायची, असा वॉर्डचा नियम. आजींच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे डाग, आणि कातडी इतकी पातळ की चिकटपट्टी सोडवताना तीही ओढली जात होती. टोचल्या जागी लाली नाही, सूज नाही, सलाईन नीट चाललेलं. "चालू आहे ना सिस्टर, मग काढता कशाला?" मी म्हटलं, "नियम आहे, आजी." नवी शीर तिसऱ्यांदा टोचल्यावर मिळाली. माझं ते उत्तर मला आजही खुपतं.

प्रश्न पिकोच्या, म्हणजे संशोधनाचा प्रश्न मांडायच्या चौकटीच्या, चार घरांत बसवायला घेतला: रुग्ण, उपाय, तुलना, परिणाम. चौथ्या घरात मी 'त्रास' एवढंच लिहिलं होतं. त्रास म्हणजे कोणता? शीर सुजणं, पुन्हा टोचावं लागणं, की रक्तात संसर्ग होणं? तिथेच दोन संध्याकाळी गेल्या. शोधशब्दांचंही तसंच. कुणी कॅन्युला लिहितं, कुणी कॅथेटर. शोधताना दोन्ही शब्द 'ऑर'ने (किंवा) जोडेपर्यंत निम्मे पेपर हाती लागत नव्हते.

मग 2012 ची ऑस्ट्रेलियातली चाचणी सापडली. 3283 रुग्ण; कॅन्युला ठरावीक दिवशी बदला किंवा गरज पडेल तेव्हा, फ्लेबायटिस, म्हणजे शीर सुजणं, दोन्हीकडे 7 टक्के. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2019 च्या रिव्ह्यूत 9 चाचण्या, 7412 रुग्ण, आणि तिथेही स्पष्ट फरक नाही. आजींचं खरं होतं! त्याच भरात निष्कर्ष लिहून टाकला.

काल 2021 चा जिनिव्हाचा अभ्यास वाचला. चार लाखांहून जास्त कॅन्युला. गरजेप्रमाणे बदलायची पद्धत आली तेव्हा रक्तातला संसर्ग वाढला, जुनी पद्धत परत आणल्यावर तो उतरला. 'निरीक्षणात्मक अभ्यास, पुरावा कमी दर्जाचा' अशी एक ओळ लिहून मी पुढे गेले. झोप मात्र येईना. हा संसर्ग क्वचित होतो. काही हजार रुग्णांत तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. फरक दिसायला लाखोंची संख्याच लागते. मला आवडलेल्या उत्तराच्या आड येतो म्हणून मी तो पेपर बाजूला सारत होते.

आज त्याला स्वतंत्र परिच्छेद दिला. शीर सुजण्याबद्दल एक उत्तर, संसर्गाबद्दल दुसरं, सावध. शिवाय एक अट: कॅन्युला ठेवायची तर प्रत्येक पाळीत ती जागा बघून नोंद झालीच पाहिजे.

आमच्या चार्टवर त्यासाठी रकाना आहे. परवानगी मिळाली, तर गेल्या महिन्यातले किती रकाने कोरे राहिले ते उद्या ड्युटीनंतर मोजणार आहे. त्यात माझ्या पाळ्याही असतील.