खर्पुडी नोंद ११ : अखेर शेंग धरली!

मंडळी, खर्पुडीला, म्हणजे कंदीलपुष्पांतल्या त्या कंदाच्या वेलाला, शेंग धरली! सोमवारी सकाळी अ-१७ वर (अ पट्ट्यातला १७ नंबरच्या बिल्ल्याचा वेल) एकाच देठाला दोन हिरवी शिंगं दिसली आणि मी तिथंच ओल्या गवतात बसून राहिलो. वहिनीला हाक मारली तर आवाजच फुटेना. आज मोजली, चार-चार सेंटिमीटर भरली. अ-४ आणि अ-२९ वरही एकेक जोडी आहे, पण अजून बारीक.

मागच्या नोंदी वाचलेल्यांना माहीत आहे, अ पट्ट्यात सलग दोन पावसाळे एकही शेंग नव्हती. फुलणारे वेल ३८, न फुलणारे ११, रोप एकही नाही. म्हणजे भरलेलं घर, पण पाळणा हलत नाही असं. ब पट्टा जेमतेम दोन किलोमीटरवर. तिथं वेल कमी, पण यंदा १४ रोपं मोजली.

आधी मी परागण करणाऱ्या माश्यांना दोष देत होतो. म्हटलं, आसपास फवारणी वाढली, माश्या संपल्या. पण जुलैत फुलांच्या फुगीर बुडाला ब्लेडने खिडकी पाडून पाहिलं तर पाचातल्या तिघांत माशी होती. राईच्या दाण्याएवढी, नळीतल्या खाली वळलेल्या केसांमुळे अडकलेली. केस दुसऱ्या दिवशी सुकतात, फूल आडवं होतं, मग तिची सुटका. एकीच्या सोंडेला तपकिरी चिमटा आणि त्याला लटकलेल्या दोन पिवळ्या परागपिशव्या स्पष्ट दिसल्या. माश्या येत होत्या, परागही नेत होत्या. मग अडत कुठं होतं?

हाताने परागण सुरू केलं. ज्यांनी हे केलंय त्यांनाच कळेल. परागपिशवी मिनिटियन पिनेवर (कीटक टोचायची केसासारखी बारीक टाचणी) उचलायची, तिची पारदर्शक कडा आत जाईल अशी फिरवायची आणि परागकोशांमधल्या फटीत सरकवायची. नीट बसली की बोटाला बारीकसा 'टक्' जाणवतो. तो 'टक्' यायला मला तीन आठवडे लागले. (भिंग १० पटीचंच घ्या. ३० पट लिहिलेली स्वस्त भिंगं फुलाला टेकवावी लागतात, पिनेला जागाच उरत नाही.) अ मधल्याच दुसऱ्या वेलाचे पराग देऊन २२ फुलं केली. बावीसच्या बावीस गळली.

ऑगस्टअखेर ब चे पराग आणले. नऊ फुलांना दिले, तीन लागली. तोवर हात बसला होता, म्हणून फळ धरलं असेल, ही शंका मलाही आली. म्हणूनच त्याच सकाळी, मधूनमधून, चार फुलांना अ चेच पराग दिले होते. चारही गळली. आकडे लहान आहेत, पण आता माझं मन एकाच बाजूला झुकतंय : अ मधले सगळे वेल सगोत्र आहेत.

विचार करा. या कुळात एक परागपिशवी म्हणजे परागांचा अख्खा गठ्ठा, त्यामुळे एका शेंगेतल्या साऱ्या बियांचा बाप बहुधा एकच असतो. शेंग हेंकळाच्या काटेरी जाळीत तडकली की उडणाऱ्या केसाळ बिया, म्हणजे म्हाताऱ्या, बऱ्याचशा काट्यांतच अडकतात, तिथंच रुजतात. अ पट्टा असाच एक-दोन शेंगांतून उभा राहिला असेल तर ३८ वेल ही सख्खी भावंडं आहेत, आणि जवळच्या नात्याचे पराग वेल नाकारत असणार. जनुकशास्त्रज्ञ फ्रँकलिनने १९८० मध्ये मांडलेला ५० आणि ५०० चा ठोकताळा (जवळच्या नात्यातल्या संकराचा धोका टाळायला निदान ५०, दीर्घकाळ टिकायला ५००) आपण नेहमी बोलतो. पण तो प्रजननात खरा वाटा असलेल्या झाडांचा आकडा आहे, डोकी मोजून येणारा नाही. माझे ३८ त्या हिशेबात दोन किंवा तीनच असतील.

घाईचं कारणही सांगतो. गेल्या महिन्यात मुरूम काढायला आलेल्या मशीनने अ ची पूर्वेकडची कड खरवडली. पाच वेल कंदांसकट गेले, अ-३३ तर ऐन फुलावर होता. जमीनमालकांना भेटलो, अ-१७ चं फूल मोबाइलवर दाखवलं. ते म्हणाले, "अरे, ये तो खप्परकद्दू है, बचपन में खोद-खोद के खाया है." उरलेला पट्टा सोडतो म्हणालेत. लेखी नाही, पण माणूस शब्दाचा वाटला.

बेत असा होता की अर्ध्या बिया अ मध्येच पेरायच्या. पण हे लिहिताना लक्षात येतंय, तीन जोड्यांपैकी दोन ब-६ च्या परागांच्या आहेत. त्याच पेरल्या तर पुन्हा एकाच बापाची पोरं! म्हणून आता प्रत्येक जोडीच्या बिया वेगळ्या पाकिटात, गच्चीवर वेगळ्या कुंड्यांत, आणि पुढच्या पावसाळ्यात ब च्या निदान पाच वेगळ्या वेलांचे पराग आणायचे. तिसऱ्या, क पट्ट्याचे मात्र अजिबात नाहीत. ते अरुंद पानांचे आहेत, खर्पुडीच्याच लुशी नावाच्या प्रकारचे, आणि ते वेगळेपण आपण मिसळून टाकता कामा नये. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादवांनी कंदीलपुष्पांवर वर्षानुवर्षं काम केलंय, तिथल्या कुणाशी आपल्यापैकी कुणाची ओळख असेल तर कळवा. नात्याचा खरा निकाल डीएनएच देईल.

यंदा न उगवलेल्या सहा वेलांचे बिल्ले मी 'मेले' म्हणून खोडलेले नाहीत. कंद एखादं वर्ष झोपून राहतो, बिल्ले तिथंच राहू देत.

शेंगांना ऑर्गंझाच्या पोटल्या बांधल्यात, लग्नात मुखवास देतात त्या. जाळी बारीक, वारा खेळतो आणि बिबळ्या कडवा फुलपाखराच्या अळ्यांपासूनही बचाव. अ-२९ ची पानं त्यांनी निम्मी फस्त केली आहेत, त्यांना हात लावलेला नाही, त्याही तिथल्याच. रविवारी सकाळी सहाला इंदूरजवळच्या महूच्या फाटकापाशी आहे. कुणी येणार असेल तर जुने बूट घाला, उतारावर शेवाळ आहे.