चाकांवरच्या घरातून मुलांना घेऊन जाताना

‘लहान मुलांना घेऊन मोटरहोममधून फिरता, मग सुरक्षिततेसाठी काय काय घेऊन ठेवलंय?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. विचारणारे बहुतेक जण अशी गाडी पहिल्यांदा भाड्याने घेणार असतात किंवा कुणाची जुनी विकत घ्यायच्या बेतात असतात, आणि त्यांना वस्तूंची यादी हवी असते. वस्तू लागतातच, त्या पुढे ओघाने येतील. पण तुम्ही विचारलंत म्हणून आधी मला जे मनापासून वाटतं ते सांगते. या गाडीतला मोठा धोका तिच्यातल्या घरामुळे येतो. पलंग, ओटा, पडदे, दिवे दिसले की माणूस घरात असल्यासारखा निर्धास्त होतो. मग तो धावत्या गाडीत उठून पाणी प्यायला जातो, कपाटं घरच्यासारखी भरतो, थंडी वाजली की शेगडी पेटती ठेवतो. यातली प्रत्येक गोष्ट जिवावर बेतू शकते.

म्हणून पहिला नियम मुलांना सांगायचा तो हा, की गाडी चालू असताना हे घर नाही. इंजिन सुरू व्हायच्या आत सगळे बसलेले, सगळ्यांचे पट्टे लागलेले. कुणाला पाणी हवं, शू लागली, बाहुली खाली पडली, तर गाडी बाजूला थांबते आणि मगच उठायचं. मागच्या पलंगावर मूल निवांत झोपून येतं हे या प्रवासाचं सुख म्हणून सांगणारे लोक मला भेटतात, आणि मला ते ऐकवत नाही. ताशी 80 किलोमीटरने जाणारी गाडी अचानक थांबली तर न बांधलेलं मूल त्याच वेगाने पुढे जात राहतं, आणि वाटेत टेबलाची कड असते. टेबलाभोवतीच्या सगळ्या बैठका प्रवासासाठी केलेल्या नसतात. भिंतीला पाठ लावून आडवं बसायच्या बाकावर लहान मुलांची सीट कधीच लावू नका, ती सीट तशा धक्क्यासाठी बनवलेलीच नसते. पट्टा गाडीच्या लोखंडी सांगाड्याला बोल्टने धरलेला आहे, की नुसत्या लाकडी खोक्याला, हे खाली वाकून बघा. गाडी निवडताना पलंग मोजायची सवय असते. सहा जण झोपतील अशा गाडीत चारच जागांना धड पट्टे असतात, असं पुष्कळदा दिसतं. तेव्हा कुटुंबाला किती पट्टे लागतात ते मोजा, झोपायचं पुढे बघता येईल.

आता वजन. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण याबद्दल कुणीच विचारत नाही. गाडीच्या दाराजवळ किंवा बॉनेटखाली एक पट्टी असते, तीवर भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन आणि प्रत्येक अ‍ॅक्सलवर, म्हणजे चाकांची जोडी धरणाऱ्या आडव्या दांड्यावर, किती भार चालेल ते कोरलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की हातात उरतं ते बहुधा वाटलं होतं त्याहून फार कमी असतं. त्यात माणसं, सिलिंडर, जादा बॅटरी, सायकली, छत्री, खुर्च्या आणि पाणी हे सगळं बसवायचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे 100 लिटरची टाकी काठोकाठ भरली की 100 किलो आलेच. मुक्कामाच्या जागी पाणी मिळणार असेल तर टाकी थोडीच भरून निघा.

नुसत्या अंदाजावर राहू नका. सगळं सामान, सगळी माणसं, भरलेलं इंधन असं निघायच्या तयारीत वजनकाट्यावर गाडी न्या. आधी पूर्ण गाडी तोला, मग पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा अ‍ॅक्सल मात्र वाकलेला, असं सहज होतं. मागच्या चाकांच्याही मागे लटकवलेल्या सायकली तरफेचं काम करतात. त्या मागच्या अ‍ॅक्सलवर स्वतःच्या वजनाहून जास्त भार टाकतात, आणि हा वरचा जादा भार पुढच्या चाकांवरून उचललेला असतो. मग स्टिअरिंग हलकं लागतं, आणि ओल्या रस्त्यावर पुढची चाकं हवी तशी वळत नाहीत. जड सामान खाली आणि दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये ठेवायचं, वरच्या कपाटांत कपडे आणि उशा. मागे जोडून ओढायची कॅरव्हॅन असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण वजन मागे सरकलं की ती वेगात डावी-उजवीकडे झोके खाऊ लागते. तसं झालं तर वेग वाढवून तिला सरळ करायला जाऊ नका. स्टिअरिंग सरळ धरा आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढा.

वजनाचा मार शेवटी टायर खातात. आणि या गाड्यांचे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात, कारण वर्षातले बरेच दिवस गाडी एका जागी उन्हात उभी असते. वरून नक्षी कोरी करकरीत दिसते, पण रबर आतून सुकलेलं असतं. टायरच्या बाजूला डॉट (DOT) या इंग्रजी अक्षरांपासून सुरू होणारा एक लांब क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार अंक वाचा. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या 23व्या आठवड्यात बनला. हा क्रमांक कधीकधी आतल्या बाजूला असतो, तर गाडीखाली टॉर्च घेऊन शिरा. पाच वर्षं झाली की दरवर्षी टायरवाल्याकडून नीट तपासून घ्यायचे, आणि दहा वर्षांचा टायर कितीही चांगला दिसला तरी काढून टाकायचा. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसल्या तर वयाकडे न बघता बदला. हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी मोजायची. धावल्यावर टायर तापतो आणि दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा कमी केलीत, तर थंड झाल्यावर टायर कमी हवेचा राहील, आणि जड गाडीचा कमी हवेचा टायर कडेने वाकून वाकून आणखी तापतो. बहुतेक टायर असेच फुटतात.

घाटात उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक दाबून धरू नका. गाडीची उंची छतावरच्या एसीसकट मोजून चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लिहून चिकटवा.

मुक्कामाला पोचल्यावर मुलं आधी उतरायला बघतात. त्यांना उतरू द्या, पण गाडी मागे घेताना ती सगळी एका मोठ्या माणसाजवळ, चालवणाऱ्याला दिसतील अशा जागी उभी हवीत. मागे घेताना एकानेच हाताने खुणा करायच्या, आणि तो आरशात दिसेनासा झाला की गाडी थांबवायची. जागा निवडताना वर बघा, वाळलेल्या फांद्यांखाली थांबू नका. नदीच्या कोरड्या पात्रात तर नाहीच, वर कुठेतरी पडलेला पाऊस तिथे स्वच्छ आभाळाखाली लोंढा घेऊन येतो. गाडी समतल करा, चाकांना ठोकळे लावा, ओढायची कॅरव्हॅन असेल तर ठोकळे लावल्याशिवाय ती गाडीपासून सोडू नका.

गाडी समतल करायची ती फक्त झोप चांगली लागावी म्हणून नाही. या गाड्यांतले कितीतरी फ्रीज गॅसच्या ज्योतीवर चालतात. बाल्त्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुन्टर्स या दोन स्वीडिश तरुणांनी 1922 साली शोधलेली ही रचना मला अजूनही थक्क करते, कारण तिच्यात कॉम्प्रेसर नाही, हलणारा भाग नाही, नुसत्या उष्णतेने अमोनिया फिरतो आणि आत थंडावा तयार होतो. पण तो द्रव स्वतःच्या वजनाने नळ्यांतून परत यावा लागतो. फ्रीज तिरका राहिला तर तो अडतो, खालचा तापणारा भाग जास्त तापतो आणि हळूहळू नळी खराब होते. अमोनियाचा उग्र वास आला तर फ्रीज बंद करून सगळ्यांनी बाहेर पडा. आणि इंधन भरायला पंपावर शिरण्याआधी गॅस सिलिंडरपासूनच बंद करा, फ्रीजमध्ये ज्योत पेटती असू शकते हे कुणाच्याच लक्षात नसतं.

आता कार्बन मोनॉक्साइड. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. झोपलेला माणूस त्याने जागा होत नाही. मुलांचा श्वास जलद असल्यामुळे त्यांच्यावर परिणाम लवकर होतो. तो येतो जनरेटरच्या धुरातून, नीट न जळणाऱ्या हीटरमधून, उबेसाठी पेटती ठेवलेल्या शेगडीतून, विझत आलेल्या कोळशाच्या शेगडीतून, आणि शेजारच्या गाडीच्या जनरेटरमधूनही, वारा तुमच्या खिडकीकडे असेल तर. घरातल्या सगळ्यांचंच एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं आणि मोकळ्या हवेत बरं वाटलं, तर प्रवासाचा शीण किंवा सर्दी समजून परत आत झोपायला जाऊ नका. सगळे बाहेर, मोजून घ्या, वैद्यकीय मदत बोलवा.

म्हणून शेगडी फक्त स्वयंपाकाला, तीही खिडकी आणि छताची झडप उघडी ठेवून. कोळशाची शेगडी विझलेली वाटली तरी आत किंवा तंबूत आणायची नाही. झोपताना जनरेटर बंद. आणि या वायूचा अलार्म झोपायच्या जागेजवळ हवाच, माझ्या मते त्याशिवाय मुलांना घेऊन रात्र काढूच नये. त्याचं बटण दाबल्यावर आवाज आला की भोंगा आणि वीज ठीक आहे एवढंच कळतं. आतला संवेदक काही वर्षांत थकतो, म्हणून मागे छापलेली मुदतीची तारीख बघावी लागते. गॅसगळतीचा अलार्म हा वेगळा. सिलिंडरमधला वायू हवेहून जड असतो, तो जमिनीवर साचतो, म्हणून तो अलार्म खाली, फरशीजवळ बसवतात. धुराचा तिसरा, तो छताजवळ.

आग लागली तर ही गाडी काही मिनिटांत पेटते. विझवायचं सिलिंडर दाराजवळ हवं, शेगडीच्या पलीकडे नको. दार अडलं तर बाहेर पडायची खिडकी कुठली, तिची कडी कशी उघडते, हे मुलांकडून दिवसाउजेडी प्रत्यक्ष करून घ्या. मोठ्यांनाही ती कडी पहिल्या वेळी जमत नाही. बाहेर आल्यावर सगळ्यांनी कुठल्या झाडापाशी जमायचं तेही प्रत्येक मुक्कामी ठरवा. मुलं हे फार मनापासून करतात, त्यांना काम दिलेलं आवडतं. ठोकळे लागले का, कपाटांच्या कड्या बसल्या का, पायरी आत घेतली का, हे निघताना मुलांनीच ओरडून सांगायचं ठेवलं तर मोठ्यांच्या हातून निसटलेलंही सापडतं.

घरी उभ्या असलेल्या गाडीला सगळ्यात जास्त नासवतं ते पाणी. छतावरचे सांधे, झडपांच्या कडा, खिडक्यांभोवतीचा सीलंट वर्षातून दोनदा तरी वर चढून बोटाने दाबून बघा. एक केसभर चीर पुरते. आत डाग दिसेपर्यंत भिंतीतलं लाकूड कुजलेलं असतं आणि दुरुस्तीचा खर्च आवाक्याबाहेर गेलेला असतो. जुनी गाडी घेताना कपाटांच्या आतले वरचे कोपरे दाबा आणि हुंगा, कुबट वास आला तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका. कडाक्याच्या थंडीत टाक्या आणि नळ पूर्ण रिकामे करून ठेवायचे, कारण गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं आणि नळ्या फोडतं.

टायर, तिन्ही अलार्म, गॅसची रबरी नळी आणि आग विझवायचं सिलिंडर, या प्रत्येकावर तारीख असते. त्या सगळ्या एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. गाडी भाड्याची असेल तर ताब्यात घेताना मालकासमोरच त्या वाचा, आणि एखाद्याची मुदत उलटून गेली असेल तर ती वस्तू बदलून मिळेपर्यंत किल्ली घेऊ नका.