पोस्टोयना: ऑगस्टमधली गुहा, जानेवारीतली गुहा

ऑगस्टमध्ये आई बरोबर होती. बाहेर कडक ऊन, आणि उघडी छोटी आगगाडी बोगद्यात शिरताच आईने शाल कानांवरून ओढून घेतली. स्लोव्हेनियातली ही गुहा २४ किलोमीटरची. आपल्याला पाचेक दाखवतात, त्यातले ३.७ गाडीतून. सुरुवातीच्या भिंती काळ्याकुट्ट दिसतात. १९४४ मध्ये पार्टिझनांनी, म्हणजे जर्मनांशी लढणाऱ्या गनिमांनी, इथला जर्मन इंधनसाठा पेटवून दिला, त्याची काजळी अजून आहे.

मी हौसेने घरचा रेडॉन मीटर पिशवीत टाकला होता. रेडॉन म्हणजे जमिनीतून येणारा किरणोत्सर्गी वायू. दीड तासाने बाहेर येऊन बघते तर पडद्यावर नुसत्या रेघा! ही घरगुती यंत्रं कित्येक तासांची, दिवसांची सरासरी काढतात. खोक्यावर लिहिलेलं होतं, वाचलं कोणी?

"त्यापेक्षा कंदील सोडायचा," आई म्हणाली. गावाकडे विहिरीत उतरण्याआधी सोडायचे तसा. पण कंदिलाला रेडॉन कळत नाही. त्याला वास नाही, रंग नाही, ज्योतही विझत नाही. दगडमातीत चिमूटभर युरेनियम असतं, त्याच्यापासून रेडियम, रेडियमपासून हा वायू. ३.८ दिवसांत निम्मा होतो, पण मागून नवा येतच असतो.

जानेवारीत पुन्हा गेले, नवऱ्याबरोबर. तीच गाडी, पण या वेळी तोंडावर बोचरा वारा आणि डोळ्यांतून पाणी. गुहेत बारा महिने साधारण १० अंश. हिवाळ्यात बाहेर शून्याच्या आसपास, त्यामुळे आतली उबदार हवा वरच्या भेगांतून धुराड्यासारखी निघून जाते आणि खालून ताजी ओढली जाते. तिच्याबरोबर रेडॉनही जातो. उन्हाळ्यात उलट: आतली हवा बाहेरच्यापेक्षा थंड नि जड, ती वर चढत नाही. रेडॉन साचतो, घनमीटरमागे काही हजार बेकरेलपर्यंत (बेकरेल हे किरणोत्सर्ग मोजायचं एकक). राजधानी ल्युब्लियानाच्या योझेफ स्टेफान संस्थेने इथे वर्षानुवर्षं मोजमाप केलंय.

युरोपात घरं आणि कामाच्या जागांसाठी घनमीटरमागे ३०० बेकरेलचा संदर्भ-स्तर आहे, म्हणजे त्याच्या वर गेलं तर रेडॉन कमी करायला बघायचं; हे वाचून दचकू नका. तो वर्षभराच्या सरासरीचा हिशेब. आपला दीड तास त्यात कुठेच बसत नाही. प्रश्न रोज आत जाणाऱ्या गाइडांचा, म्हणून त्यांचे आतले तास मोजतात. तेव्हा रेडॉनसाठी ऋतू निवडू नका. गर्दीसाठी निवडा.

उन्हाळ्यात वेळेचं तिकीट आधी काढा, नाहीतर उन्हात ताटकळाल. हिवाळ्यात फेऱ्या मोजक्याच. वेळ बघूनच ल्युब्लियानाहून निघा, बसने साधारण तासभर. स्वेटर दोन्ही ऋतूंत हवाच, जानेवारीत कानटोपीही. ओल्या वाटेवर चपला नकोत. गाडीत हात-डोकं आत ठेवा, खडक फार जवळून जातो. आणि मीटर घरीच राहू द्या, तळघरात.