गच्चीवरचे मासे आणि अळू

पुण्यात आमच्या गच्चीवर खाली माशांची टाकी आहे, वर खडीचा वाफा. टाकीत गोल्डफिश, वाफ्यात पुदिना, पालक आणि सासूबाईंचं लाडकं अळू. छोटा पंप पाणी वर चढवतो, ते खडीतून झिरपून परत टाकीत येतं.

खरं काम जिवाणूंचं. मासे अमोनिया सोडतात. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइट माशांना घातक, नायट्रेट झाडांचं अन्न. ही वस्ती खडीवर बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर मासे मोजकेच ठेवायचे, खाणंही बेतानं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन या जिवाणूंना मारतं, म्हणून ते पाणी मी दिवसभर उघड्या बादलीत ठेवते.

खडीवर व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर त्यात चुनखडी आहे. अशी खडी पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्काचं माप, चढवत राहते. आपला काळा बेसाल्ट उत्तम.

पालकाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर लोह कमी पडलंय. माशांच्या खाण्यातून ते पुरेसं मिळत नाही, चिलेटेड लोह (पाण्यात विरघळलेलं राहून झाडांना घेता येणारं) घालावं लागतं. कीटकनाशक मात्र अजिबात नाही! मावा पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन काढते. आणि वीज गेली की आधी बॅटरीवरचा हवेचा पंप, मग बाकीचं.