बहिया होंडात तंबू ठोकायचाय? मग सकाळी आठची आशा सोडा

तुम्ही फ्लोरिडात राहत नसाल, तर बहिया होंडा स्टेट पार्कमधली कॅम्पिंगची जागा सकाळी आठच्या शर्यतीत, म्हणजे रोज आठला ऑनलाइन बुकिंग उघडतं तेव्हा, मिळवायचा नाद सोडा. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकी सगळं तिथे गेल्यावर आपोआप जमतं. आम्ही अटलांटात राहतो. आईबाबा हिवाळ्यात नाशिकहून यायचे होते आणि त्यांना समुद्रकाठी तंबूत राहायला न्यायचंच, असं मी ठरवलं होतं. बाबांचं म्हणणं, "समुद्र बघायला एवढ्या लांब कशाला? दापोलीला काय कमी आहे?" त्यामुळे तर मला ते करून दाखवायचंच होतं.

ज्यांना जागा माहीत नाही त्यांच्यासाठी: मायामीच्या खाली समुद्रात बेटांची रांग आहे, ती फ्लोरिडा कीज. यूएस-१ हा रस्ता पुलांवरून उड्या मारत शेवटच्या की वेस्टपर्यंत जातो. रस्त्याकडेला हिरव्या पाट्यांवर मैलांचे आकडे असतात आणि ते उलटे मोजायचे, की वेस्टला शून्य. सेव्हन माइल ब्रिज संपला की थोड्याच वेळात ३७ चा आकडा येतो, तेच बहिया होंडा. कीजमध्ये बहुतेक ठिकाणी किनारा म्हणजे पोवळ्याचा खडक. इथे मात्र खरी वाळू आहे, म्हणूनच सगळे इथेच तुटून पडतात.

आता बुकिंगचं गणित. १ जानेवारी २०२४ पासून फ्लोरिडाच्या रहिवाशांना अकरा महिने आधी जागा घेता येते आणि बाहेरच्यांना दहा महिने आधी. कर ते भरतात, उद्यानं त्यांची, आपली काही तक्रार नाही. असं म्हणायचं असतं. आम्हाला फेब्रुवारीतला शनिवार-रविवार हवा होता, म्हणजे आमचं दार उघडणार एप्रिलमध्ये. तोवर फ्लोरिडावाल्यांना अख्खा महिना मोकळं रान.

खरी गोम आणखी पुढे आहे आणि ती मला कोणी सांगितली नव्हती. एका बुकिंगमध्ये चौदा रात्रींपर्यंत राहता येतं आणि दार उघडतं ते पोहोचायच्या तारखेवरून. म्हणजे तुम्हाला शुक्रवार हवा असेल, तर ज्याने त्याच्या आधीच्या सोमवारपासून लांबलचक बुकिंग केलंय, त्याने तुमचा शुक्रवार तुमच्या आधीच खाल्लेला असतो. तुम्ही आठच्या ठोक्याला बोट टेकवून बसलात तरी समोर उरते ती खरकटी. पुण्याला असताना तत्काळची तिकिटं काढून माझी बोटं तयार झालेली आहेत, पण तिथे निदान सगळे एकाच वेळी धावतात.

तरीही एका सकाळी चमत्कार झाला. तिथल्या सँडस्पर नावाच्या कॅम्पग्राउंडमधली एक जागा मोकळी दिसली, मी पकडली, नावं-गाव भरलं, कार्डाचा नंबर टाकला. आणि आमच्या बँकेला वाटलं की कोणीतरी माझं कार्ड चोरून फ्लोरिडात तंबू लावायला निघालंय. मेसेज आला, हा व्यवहार तुम्हीच करताय का? मी 'हो' पाठवलं. त्यावर उत्तर आलं की कार्ड तूर्त बंद केलंय, या नंबरवर फोन करा. फोन केला. आधी संगीत. मग एक बाई. मग जन्मतारीख, पत्ता आणि शेवटी आईचं माहेरचं आडनाव. आमच्या आजोळचं आडनाव अमेरिकन माणसाला स्पेलिंगसकट समजावणं हे एक वेगळंच काम आहे. एकेक अक्षर सांगत होते, तर दुसऱ्या फोनवर व्हिडिओ कॉलला असलेली आई विचारते, "माझं माहेर कशाला हवंय गं त्यांना?" इकडे स्क्रीनवर जागा धरून ठेवायची मिनिटं सरत होती. बाई शांतपणे म्हणाल्या, "झालं, आता पुन्हा प्रयत्न करा." पुन्हा प्रयत्न केला तेव्हा जागा गेलेली.

मला अजूनही त्या 'हो'चा राग येतो. विचारायचं कशाला मग?

म्हणून सांगते, दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं समोर ठेवा आणि आदल्या दिवशी बँकेला कळवून ठेवा. साइटवर खातं आधी उघडून, लॉगिन करून बसा.

यानंतर कितीतरी सकाळी अशाच गेल्या. मग मी तो खेळच सोडला आणि रद्द होणाऱ्या जागांच्या मागे लागले. अकरा महिने आधी कोणाला माहीत असतं आपल्याला रजा मिळेल की नाही? लोक लांबलचक बुकिंग करून ठेवतात आणि तारीख जवळ आली की टोकाच्या रात्री सोडून देतात. त्या सुट्या रात्री परत साइटवर येतात, त्याही कोणत्याही वेळी. जागा मोकळी झाली की मेसेज पाठवणाऱ्या सेवा आहेत, पण आमच्याकडे त्याहून भारी सोय होती. बाबा. ते आल्यावर जेटलॅगने पहाटे चारलाच टक्क जागे व्हायचे. त्यांना टॅबलेट दिला, तारखा लिहून दिल्या, जागा मोकळी झाली की साइटवर निळी दिसते हे सांगितलं. एका पहाटे दारावर टकटक. "अगं ऊठ, निळं झालंय!" बटनवुड या दुसऱ्या कॅम्पग्राउंडमधल्या दोन रात्री, मधल्या वाराच्या, शनिवार-रविवार नव्हेच. नवऱ्याच्या कार्डाने पैसे गेले, बँक गप्प. दापोलीचा विषय त्या दिवसापासून बंद.

रात्रीचे ३६ डॉलर, वर वीज-पाण्याचे थोडे आणि बुकिंगचे ६ डॉलर ७० सेंट, जे परत मिळत नाहीत. एका जागेवर आठ माणसं चालतात.

तिथे तीन कॅम्पग्राउंड आहेत: बटनवुड, सँडस्पर आणि बेसाइड. बेसाइडला जायचं तर पुलाखालून गाडी काढावी लागते आणि उंची सहा फूट आठ इंचांपेक्षा कमी लागते. टपावर सामानाची पेटी असेल तर आधी टेप लावून बघा. सँडस्पर २०१७ च्या इर्मा वादळात उद्ध्वस्त होऊन बराच काळ बंद होता, म्हणून जुनी माहिती वाचून जाऊ नका.

तंबूचे खुंटे. जमीन खडीची आणि पोवळ्याची, ॲल्युमिनियमचे खुंटे वाकतात. लोखंडी जाड खुंटे आणि चांगला हातोडा न्या.

चिलटं! हे वर यायला हवं होतं. संध्याकाळी वारा पडला की इतकी बारीक चिलटं येतात की साध्या जाळीतून सहज आत शिरतात. तंबूची जाळी अगदी बारीक हवी. आई ओडोमॉस घेऊन आली होती. तिने ते सगळ्यांना फासलं आणि आम्ही गपगुमान फासून घेतलं. खाण्याच्या वस्तू रात्री गाडीत ठेवा, रकून नावाचे प्राणी डबे उघडतात. आमची चकली गेली.

बघण्यासारखं म्हणजे जुना रेल्वे पूल. उद्योगपती हेन्री फ्लॅग्लरची रेल्वे १९१२ मध्ये की वेस्टला पोहोचली आणि १९३५ च्या वादळाने ती संपवली. पुढे त्याच पुलावरून मोटारींचा रस्ता न्यायचं ठरलं, पण लोखंडी सांगाड्याच्या आत दोन गाड्या शेजारून जाईनात. म्हणून रस्ता सांगाड्याच्या डोक्यावर बांधला. बाबा निवृत्त ओव्हरसियर. त्यांनी त्या पुलाखाली अख्खी सकाळ काढली आणि खारं पाणी लोखंडाचं काय करतं, यावर आम्हाला व्याख्यान दिलं. लू कीच्या प्रवाळाकडे स्नॉर्केलिंगला बोटी जातात, पण त्या दिवशी वारा जोरात होता, आम्ही गेलो नाही. किनाऱ्यालगत गुडघाभर पाण्यातही मासे दिसतात. मायामी ब्ल्यू नावाचं दुर्मिळ फुलपाखरू १९९९ मध्ये याच बेटावर पुन्हा सापडलं होतं आणि २०१० मध्ये इथून नाहीसं झालं, हे वाचून मुलगी दिवसभर प्रत्येक निळ्या गोष्टीमागे धावत होती.

कॅम्पिंग मिळालंच नाही तर दिवसाचं तिकीट काढून जा: गाडीचे ८ डॉलर आणि माणशी पन्नास सेंट. पण सुटीच्या दिवशी आत गाड्या मावेनाशा झाल्या की फाटक बंद करतात, तेव्हा सकाळी आठला पोहोचा. ही आठची वेळ मात्र खरंच उपयोगाची.

किराणा कीजच्या आधी लागणाऱ्या होमस्टेड गावातच भरा, पुढे सगळं महाग. आणि शेजारच्या बिग पाइन बेटावर रात्री ताशी ३५ मैलांच्या वर गाडी नेऊ नका. तिथली बुटकी हरणं अचानक रस्त्यावर येतात, पोलीसही उभे असतात, आणि हरणांना काही खायला घालणं गुन्हा आहे. हे आईला दोनदा सांगावं लागलं.