कन्सोल उघडला की सगळं नीट

"अगं, तुझ्या त्या लाल रेघा सकाळी येतात, मग आपोआप बंद होतात. क्रोम बंद करून उघडलं की परत येतात." फोनवर ताई होत्या. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका प्रकाशन संस्थेत त्या मुद्रितशोधन बघतात. वयाने आणि अधिकाराने मोठ्या आहेत, म्हणून अख्खं ऑफिस त्यांना ताईच म्हणतं. "आपोआप बंद होतं" असं कुणी सांगितलं की आमच्या धंद्यातले लोक मनातल्या मनात "तुम्ही काहीतरी दाबलं असणार" असं म्हणतात. पण ताई उगाच काही दाबणाऱ्यातल्या नाहीत.

त्यांच्यासाठी आमचं एक छोटं क्रोम एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा प्रोग्राम, आहे. मजकूर जिथे टाइप होतो त्या वेबपानावर ते 'परिक्षा', 'उज्वल', 'आर्शिवाद' असल्या हमखास चुकांखाली लाल रेघ मारतं आणि बाजूला बरोबर रूप दाखवतं. बरोबर शब्दांची यादी मराठीत करायला गेलं तर विभक्ती, शब्दयोगी अव्यय आणि सामान्यरूपं मिळून ती संपतच नाही, म्हणून आम्ही चुकांची यादी केली. पानात शिरलेली स्क्रिप्ट टाइप झालेला शब्द उचलते आणि एक्स्टेन्शनच्या बॅकग्राउंडला, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या भागाला, पाठवते. बॅकग्राउंड यादीत बघून उत्तर देतं. एवढंच.

माझ्या मशीनवर सगळं व्यवस्थित होतं. एक्स्टेन्शन्सच्या पानावर डेव्हलपर मोड लावला, गोल बाणाने एक्स्टेन्शन रीलोड केलं, 'सर्व्हिस वर्कर'च्या (बॅकग्राउंडचं क्रोममधलं आताचं नाव) लिंकवर क्लिक करून डेव्हटूल्स, म्हणजे आत काय चाललंय ते तपासायची खिडकी, उघडले आणि 'परिक्षा' टाइप केलं. रेघ आली. कन्सोलमध्ये, म्हणजे त्या खिडकीत चालू कोडला प्रश्न विचारायच्या जागी, यादीची लांबी विचारली, ती बरोबर होती. जेवून आले, पुन्हा टाइप केलं, रेघ आली. एरर एकही नाही. एरर नसणं ही खरं तर वाईट बातमी असते. लाल अक्षरांत काहीतरी ओरडत असेल तर निदान कुठे बघायचं ते कळतं.

शेवटी मी त्यांच्या ऑफिसात जाऊन बसले. स्क्रीन शेअर करून भागलं असतं, पण प्रत्यक्ष गेल्याचा फायदा झाला, कारण तिथे गेल्याशिवाय ताई काम कसं करतात ते दिसलं नसतं. समोर कागदावरची मूळ प्रत, त्यावर लाकडी पट्टी. पट्टी एकेक ओळ खाली सरकते. ओठ हलतात, आवाज येत नाही. परिच्छेद संपला की त्या पट्टी तिथेच ठेवतात, स्क्रीनवर तो परिच्छेद शोधतात, एक वेलांटी दुरुस्त करतात आणि पुन्हा कागदाकडे वळतात. कीबोर्डला त्यांचा हात लागतो तो फार तर मिनिटा-दोन मिनिटांनी. आमच्या टीममध्ये टेस्टिंग करताना असं कोण बसतं? आम्ही चुकीचे शब्द धडाधड टाइप करतो, रेघा मोजतो आणि "पास" म्हणतो.

त्यांचा क्रोम बंद करून उघडला, लगेच सर्व्हिस वर्करचे डेव्हटूल्स लावले आणि म्हटलं, "ताई, तुम्ही करा तुमचं काम." पट्टी सरकत राहिली, रेघा येत राहिल्या. चहा आला, गेला. रेघा येतच होत्या. शाळा तपासनीस मागच्या बाकावर बसलेला असताना वर्ग जसा वागतो तसं ते एक्स्टेन्शन वागत होतं. मी कंटाळून डेव्हटूल्सची खिडकी मिटली. थोड्या वेळाने ताई कागदावरून नजर न उचलता म्हणाल्या, "गेलं बघ परत."

तेव्हा उजेड पडला. क्रोमच्या कागदपत्रांत ही गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे, पण समोर घडल्याशिवाय ती डोक्यात बसत नाही. एक्स्टेन्शनच्या सर्व्हिस वर्करला ३० सेकंद काही काम आलं नाही की क्रोम त्याला मारून टाकतो. नवा निरोप आला की पुन्हा जिवंत करतो. पण त्याला डेव्हटूल्स जोडलेले असतील तर मारत नाही. म्हणजे तपासायला खिडकी उघडली की जो मरायला हवा तो मरतच नाही, आणि बग त्याच्या मरण्यातच होता.

खात्री करायची तर वर्करकडे न बघता करायची. क्रोम पुन्हा उघडला, वर्करचे डेव्हटूल्स लावले नाहीत, फक्त एक्स्टेन्शन्सचं पान शेजारच्या खिडकीत ठेवलं. ताईंना म्हटलं, जरा हात बाजूला ठेवा. अर्ध्या मिनिटाने 'सर्व्हिस वर्कर' या अक्षरांपुढे कंसात 'इनॲक्टिव्ह' उमटलं. मग त्यांना 'परिक्षा' टाइप करायला लावलं. कंसातला शब्द गेला, म्हणजे वर्कर उठला, पण रेघ आली नाही. आता डेव्हटूल्स उघडून यादीची लांबी विचारली. उत्तर आलं: ०.

कोड जुना होता, मॅनिफेस्टच्या (एक्स्टेन्शनची माहिती ब्राउझरला देणारी फाइल) दुसऱ्या आवृत्तीच्या काळातला. तेव्हा बॅकग्राउंड पान ब्राउझर चालू असेपर्यंत जिवंत राहायचं. ब्राउझर सुरू होताना किंवा एक्स्टेन्शन बसवताना यादी एकदा मेमरीत भरली की दिवसभराची सोय व्हायची. २०२४ पासून क्रोमने ती आवृत्ती बंद करायला सुरुवात केली, म्हणून कोड तिसऱ्या आवृत्तीवर नेला गेला. फाइल चालली, एरर आली नाही, सगळे खूश. पण आता वर्कर मेला की मेमरीतलं सगळं जातं. उठताना फाइल पहिल्या ओळीपासून पुन्हा चालते, त्यामुळे यादीचं रिकामं भांडं नव्याने तयार होतं. ते भरणारा कोड मात्र 'ब्राउझर सुरू झाला' या घटनेची वाट बघत बसतो, आणि ब्राउझर तर सकाळीच सुरू झालेला असतो. रिकाम्या यादीत 'परिक्षा' सापडत नाही, म्हणजे शब्द बरोबर! एररला जागाच नाही. वर भराभर टाइप करणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही, कारण प्रत्येक निरोपाने ३० सेकंदांचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. शुद्धलेखन तपासणारं साधन नेमकं सावकाश वाचणाऱ्यालाच दगा देत होतं.

आमच्यातल्या एकाने फोनवर तोडगा सुचवला: दर २० सेकंदांनी क्रोमला काहीतरी फुटकळ विचारत राहायचं, म्हणजे वर्कर झोपणारच नाही. हा तोडगा बरेच जण वापरतात आणि तो चालतोही. मला पटत नाही. दिवसातून काही डझन वेलांट्या तपासण्यासाठी ताईंच्या जुन्या मशीनवर एक प्रोसेस दिवसभर जागती ठेवायची? आणि ब्राउझरने काही कारणाने तिला मारलंच तर बग होता तिथेच असणार, फक्त आणखी क्वचित दिसणारा. त्याहून शोधायला अवघड.

मी यादी भरण्याचं काम त्या घटनेवरून काढलं आणि निरोप आल्यावर टाकलं: यादी हातात नसेल तर एक्स्टेन्शनच्याच फाइलमधून वाचायची, मग उत्तर द्यायचं. यात दोन खाचखळगे आहेत. पहिला: एकाच वेळी पाच शब्द आले तर फाइल पाच वेळा वाचली जाते, म्हणून व्हेरिएबलमध्ये यादी न ठेवता यादीचं प्रॉमिस, म्हणजे 'यादी येतेय' अशी हमी, ठेवायचं. पहिला शब्द वाचन सुरू करतो, बाकीचे त्याच प्रॉमिसवर थांबतात. दुसरा: उत्तर उशिरा देणार असाल तर निरोप घेणाऱ्या फंक्शनने लगेच 'ट्रू' परत करावं लागतं, नाहीतर उत्तर यायच्या आत दार बंद होतं. ती ओळ घातली नव्हती तेव्हा कन्सोलने 'उत्तर मिळण्याआधी मेसेज पोर्ट बंद झाला' अशी तक्रार केली. त्या दिवसातली पहिली लाल ओळ! बरं वाटलं.

तपासताना दर वेळी अर्धा मिनिट थांबायची गरज नाही, हेही त्याच निमित्ताने सगळ्यांना दाखवलं. क्रोमच्या 'सर्व्हिसवर्कर-इंटर्नल्स' पानावर चालू वर्करची यादी असते आणि तिथे 'स्टॉप'चं बटण असतं. वर्कर मारा, शब्द टाइप करा, रेघ येते का बघा. फायरफॉक्समध्ये हे जास्त हाताशी आहे, 'अबाउट डिबगिंग'च्या पानावर बॅकग्राउंड स्क्रिप्ट संपवायचं बटण एक्स्टेन्शनच्या चौकटीतच दिलेलं आहे. फायरफॉक्सवाल्यांना एक्स्टेन्शन लिहिणाऱ्यांच्या अडचणी आधीपासून कळतात असं माझं मत आहे. २००६ साली आलेलं फायरबग तरी काय होतं, एक एक्स्टेन्शनच.

नवी आवृत्ती ताईंच्या मशीनवर टाकली. पट्टी सरकली, परिच्छेद संपला, एक शब्द टाइप झाला, रेघ आली. त्यांनी मान डोलावली आणि लगेच पुढची तक्रार काढली. "हे बघ. 'दूसऱ्या' इथे पकडतंय, खाली सोडतंय. एकाच पानावर."

दोन्ही शब्द डोळ्यांना हुबेहूब सारखे होते. दोन्ही कॉपी करून कन्सोलमध्ये लांबी विचारली: एकाची ७, दुसऱ्याची ८. एकात सुटा 'ऱ' होता, युनिकोड (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) ०९३१. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर, २००डी. पहिला ताईंनी टाइप केलेला, दुसरा जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आलेल्या मजकुरातला. जावास्क्रिप्टचं नॉर्मलाइझ, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारं फंक्शन, ही दोन रूपं एक करत नाही, म्हणून यादीत शोधण्याआधी दुसरं रूप पहिल्यात बदलणारी एक ओळ हाताने लिहावी लागली. ताई तोवर पुढच्या परिच्छेदावर गेल्या होत्या.