आमची वाटचाल: तयार हेडपासून मापाच्या हॅलोपर्यंत

हॅलो अंगठी म्हणजे मधे एक मोठा हिरा आणि त्याच्याभोवती बारीक हिऱ्यांचं कडं. १९८१ साली डायनाच्या बोटात दिसलेली, नीलमाभोवती १४ हिरे असलेली अंगठी याच घराण्यातली. साखरपुड्याच्या अंगठ्यांची आमची सुरुवात झाली ती बाजारात मिळणाऱ्या तयार हेडांवर, म्हणजे अंगठीच्या हिरे बसवायच्या वरच्या भागावर. हेड आणायचं, पट्टीला (बोटाभोवतीच्या गोल भागाला) डाक देऊन जोडायचं, हिरे जडवायचे. घडणावळ कमी आणि काम झटपट.

घोटाळा मापात होता. अर्ध्या कॅरटचा गोल हिरा म्हणजे ५.१ मिमी, असं आपण बोलून जातो. प्रत्यक्षात तो खोल असेल तर ५.०५ भरतो, उथळ असेल तर ५.२. तयार हेड मात्र एकाच मापाचं. हिरा लहान निघाला की त्याच्या आणि कड्याच्या मधे काळी रेघ दिसते. मोठा निघाला तर सेटर (हिरे जडवणारा कारागीर) कड्याच्या आतल्या बाजूचं सोनं कोरून जागा करतो आणि पुढे बारीक हिरे गळतात ते तिथूनच. बोल मात्र जडाईला लागतो.

म्हणून आता आधी हिरा, मग डिझाइन. गर्डलचं (हिऱ्याची सर्वांत रुंद कड; सुरतेकडे याला कंदोरा म्हणतात) माप चार ठिकाणी गेजने घेतो आणि हॅलो त्यावरच आखतो. ५.२ मिमीच्या हिऱ्याभोवती ०.२ मिमी जागा सोडून १.२ मिमीचे हिरे घेतले, तर त्यांच्या मध्यबिंदूंचं वर्तुळ ६.८ मिमी व्यासाचं होतं. त्यात १६ हिरे बसतात आणि दोघांमधे साधारण ०.१३ मिमी उरतं. सतरावाही कागदावर बसतो, पण फट ०.०५वर येते; दाणे (हिरा धरून ठेवणारे सोन्याचे बारीक ठिपके) उचलायला सोनंच राहत नाही आणि जडवताना हिऱ्यावर हिरा दाबला की गर्डलचा टवका उडतो. सोळाच बरे. त्यांचं वजन सगळं मिळून १३ सेंटच्या (शंभर सेंट म्हणजे एक कॅरट) आसपास, पण अंगठी वरून ८ मिमी रुंद दिसते, म्हणजे जवळजवळ दोन कॅरटच्या एकट्या हिऱ्याएवढी. गिऱ्हाईक हॅलोवर भाळतं ते यासाठीच.

बारीक हिरे चाळणीच्या एकाच नंबरातले हवेत. रंगही मधल्या हिऱ्याच्या फार तर एक पायरी वर-खाली. मधला ‘जे’ रंगाचा (किंचित पिवळसर) आणि भोवती ‘एफ’ (बिनरंगी) लावले, तर मधला पिवळा पडल्यासारखा दिसतो. पैसे जास्त घालून काम बिघडवण्याचा हा हमखास मार्ग.

अंगठीचं मेणाचं मॉडेल प्रिंट करताना, ओतकामात ती आकसते म्हणून, दोन-तीन टक्के वाढवून ठेवावं लागतं. मेणाच्या वजनाला साडेपंधराने गुणलं की १८ कॅरटच्या पिवळ्या सोन्याचा अंदाज येतो. कास्टिंग (सोन्यात ओतलेली अंगठी) आल्यावर कड्याची आतली बाजू आणि गॅलरी (कड्याखालचा मोकळा भाग) जडाईआधीच पॉलिश करतो. हिरे बसल्यावर तिथे ब्रश पोचत नाही.

जडाई सूक्ष्मदर्शकाखाली होते. आधी हॅलो, मधला हिरा सर्वांत शेवटी. मधल्या हिऱ्याच्या पंज्यात (हिरा धरणाऱ्या सोन्याच्या काडीत) खाच घालताना जाडीचा एक तृतीयांश भाग कापावा. निम्म्याच्या पुढे गेलात तर पंजा वाकवतानाच तडकतो, नाहीतर पुढे लोकरीत अडकून उघडतो. पांढऱ्या सोन्यावरचा रोडियमचा मुलामा झिजतोच, तो पुन्हा चढवून घ्यावा लागतो, हे आम्ही विक्रीच्या वेळीच सांगतो.

उंचीबद्दल वाद होतात. गिऱ्हाइकाला हॅलो बोटालगत हवा असतो. पण कडं पट्टीच्या बाहेर येतं, त्यामुळे त्याच्याखाली दोन मिमी तरी मोकळे नसतील तर लग्नाची दुसरी अंगठी शेजारी टेकत नाही, मधे फट राहते. उंच हॅलोखाली कणीक अडकते हेही खरं. मळताना अंगठी काढून ठेवा, नाहीतर कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि मऊ ब्रशने मागून साफ करा. मळ मागेच साचतो आणि चमक तिथेच मरते.

पट्टीवरही हिरे हवे असतील तर खालचा तिसरा भाग कोरा ठेवतो. पुढे माप वाढवायचं झालं तर कापायला आणि डाक द्यायला तेवढीच जागा असते. एक-दोन नंबरांपलीकडे वाढवलं की पट्टीची गोलाई बदलते, हॅलोच्या बुडाला ताण बसतो आणि दाणे सैल होतात. अशी अंगठी परत आली की आधी ती कानाशी धरून बोटाने टिचकी मारतो. सैल हिरा डोळ्यांना दिसायच्या आधी खुळखुळतो.